आमचे मत हवे, मग आमचा ‘ऱ्य’ का नको?



निवडणूक जवळ आली, गणपती आले किंवा पाडवा आला की आपल्या समा भागात एक चमत्कार घडतो. वर्षभर ज्यांना आपली आठवण होत नाही त्यांना एकाएकी मराठी बोलता येऊ लागते. समा-सावली रस्त्यावरचे एलईडी फलक ‘नमस्कार मंडळी’ म्हणू लागतात, मोबाईलवर बातमी उघडावी तर मध्येच सोनाराची, बिल्डरची, क्लासवाल्याची मराठी जाहिरात डोकावते आणि उमेदवार तर थेट नाव घेऊन हाक मारतो. छान आहे. कोणी आपल्या भाषेत बोलावले तर कोणाला आवडणार नाही? पण ही हाक जरा नीट डोळे उघडून वाचा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. ‘खरेदी करणाऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ मोडून त्याचा ‘र्य’ झालेला असतो. ‘ॲप’ या शब्दाच्या सुरुवातीला रिकामा चौकोन बसलेला असतो. ‘शाळा’ शब्दातला ‘ळ’ बाजूच्या अक्षरांपेक्षा बारीक आणि वेगळ्याच वळणाचा, जणू दुसऱ्याच्या घरातून उसना आणलेला. आणि काही फलकांवर तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लागण्याऐवजी मागे लोंबकळत असते!

यावर आपल्यातले बरेच जण म्हणतात, “अहो, वाचता येते ना? मग झाले तर. गुजरातेत राहून अजून काय हवे?” हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आधी रोग समजून घेऊ, कारण तो समजल्याशिवाय भांडणारा माणूस हास्यास्पद होतो. कापडी किंवा फ्लेक्सचा बोर्ड एकदाच छापला जातो. दुकानातला मुलगा मजकूर लावतो, आपण तपासतो, मग त्या अक्षरांचे चित्र होऊन जाते. छापून आलेले अक्षर पुन्हा बदलत नाही. डिजिटल डायनॅमिक जाहिरातीचे तसे नाही. तिथे आधी फक्त साचा तयार होतो. रंग, फोटो आणि चौकट ठरलेली असते, पण शब्द नंतर, अगदी दाखवण्याच्या क्षणी, एका यादीतून येऊन साच्यात पडतात. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. समाच्या माणसाला समाचे दुकान दिसते आणि मांजलपूरच्या माणसाला मांजलपूरचे. तुमचे नाव हाताशी असेल तर तुमचे नाव. म्हणजे जे शब्द लिहिले जाणार आहेत ते साचा करणाऱ्याने पाहिलेलेच नसतात. मग ते शब्द कोणत्या अक्षरांत उमटणार हे कोण ठरवतो? ते ठरवतो जाहिरातीबरोबर पाठवलेला फॉन्ट. फॉन्ट पाठवलाच नसेल तर ज्या फोनवर किंवा फलकावर ती जाहिरात उघडेल तिथे जो कोणता देवनागरी फॉन्ट पडलेला असेल तो.

इंग्रजीला हे परवडते. सव्वीस अक्षरे, मोठी आणि लहान धरून बावन्न, त्यात आकडे आणि काही चिन्हे मिसळली की संपले. देवनागरीला युनिकोडमध्ये १२८ जागांचा एक कप्पा मिळाला आहे, पण त्या जागांतून जोडाक्षरे, रफार, अर्धी अक्षरे तयार करायची तर फॉन्टमध्ये शेकडो आकार लागतात आणि ते केव्हा, कसे जोडायचे याचे नियमही लागतात. आता जाहिरात हलकी असावी म्हणून हुशार मंडळी काय करतात? फॉन्ट कापतात. नमुन्याच्या मजकुरात जेवढी अक्षरे असतील तेवढीच ठेवतात आणि बाकीची फेकून देतात. नमुन्याचा मजकूर बहुधा हिंदी असतो. हिंदीत ‘ळ’ नाही, आपला ‘ऱ्य’ नाही आणि ‘ॲप’ला हिंदीवाला ‘ऐप’ म्हणतो. म्हणजे नेमके जे आपले, तेच कात्रीत सापडते! मग यादीतून ‘काळे’ हे आडनाव आले की ‘का’ एका फॉन्टचा आणि ‘ळे’ दुसऱ्या फॉन्टचा. जोडण्याचे नियम कापले गेले असतील तर जोडाक्षराऐवजी पाय मोडलेली अक्षरे एकापुढे एक उभी.

ठरावीक मजकुराच्या जाहिरातीत हे पाप झाकता येते, अक्षरांचे चित्र करून टाकले की काम भागते. चलत्या मजकुरात पळवाट नाही. तिथे फॉन्ट पूर्ण हवा आणि तो बरोबर पाठवायला हवा. या एका गोष्टीवर मी अडून बसलो आहे, आणि आपण सगळ्यांनी अडून बसावे असे माझे म्हणणे आहे.

‘ऱ्य’साठी एवढा आटापिटा कशाला, असे कोणी विचारील. ज्याला आचारी आणि आचार्य यांतला फरक कळतो त्याने हा प्रश्न विचारू नये. ‘आचाऱ्यांचा सत्कार’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांचा, ‘आचार्यांचा सत्कार’ म्हणजे गुरुजनांचा. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. बाकी सोडा, पाडव्याला श्रीखंडाबरोबर आपण पुऱ्या खातो. ‘पुर्या’ नावाचा पदार्थ माझ्या घरी अजून कोणी केलेला नाही. आणि मराठी जाहिरातीत हे अक्षर टाळताच येत नाही. येणाऱ्या ग्राहकांना, नोंदणी करणाऱ्यांना, दुसऱ्या खरेदीवर, तिसऱ्या मजल्यावर. दोन ओळी पुढे जावे तर ‘ऱ्य’ हजर. ज्या फॉन्टला तो येत नाही त्याला मराठी येत नाही, एवढे सरळ आहे.

आता नावांकडे येऊ, कारण इथे दुखते. बडोद्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेली आपली घराणी. कोणाचे पणजोबा गायकवाडांच्या लष्करात, कोणाचे खाजगीत, कोणाचे शाळाखात्यात. आडनाव एवढीच अनेकांची उरलेली इस्टेट. कऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाणपुरे अशी आडनावे घ्या. मतदार यादी गुजराती लिपीत असते आणि गुजराती लिपीत आपल्यासारखा अर्धा ‘र’ नाही. कऱ्हाड्यांचे नाव तिथे रफार देऊन किंवा ‘र’ गाळून कसेबसे लिहिलेले असते. तीच यादी यंत्राने देवनागरीत उलटवली की कऱ्हाडे ‘कर्हाडे’ होतात, आणि गोऱ्ह्यांचे काय होते ते विचारू नका. इथे फॉन्टचा दोष नाही हे मी मान्य करतो. कितीही उत्तम फॉन्ट दिला तरी चुकीची यादी तो दुरुस्त करणार नाही, तिथे मराठी जाणणारा माणूस बसवावा लागेल. पण गंमत पाहा, ज्यांनी माणूस बसवून यादी नीट करून घेतली त्यांच्याही जाहिरातीत कापलेल्या फॉन्टमुळे पुन्हा तेच नाव मोडते. दोन्हीकडून मार आमच्याच आडनावाला. ज्याला माझे नाव नीट लिहिता येत नाही त्याने नाव घेऊन मत मागू नये. नुसते ‘नमस्कार’ म्हणावे, मी तेवढ्यावर समाधान मानीन.

फेब्रुवारी २०२१ मधली आपली महानगरपालिकेची निवडणूक कोविडच्या सावटाखाली झाली, आणि चाळीत, सोसायटीत येणारा प्रचार मोठ्या प्रमाणावर मोबाईलवर सरकला. तो पुन्हा मागे जाणार नाही. लोकसभा-विधानसभेच्या वेळी राजकीय जाहिरातींच्या मजकुराला निवडणूक आयोगाच्या समितीची पूर्वमान्यता लागते, आणि २०१३ साली आयोगाने सोशल मीडियालाही तो नियम लावला. मजकूर तपासायला समिती आहे. अक्षरे तपासायला मात्र कोणीही नाही, ते काम आपल्यालाच करावे लागणार.

दुसरी गोष्ट वळणाची. ‘ल’ आणि ‘श’. आपला ‘ल’ दोन पाकळ्यांचा, हिंदी पुस्तकातला ‘ल’ उभ्या दांड्याला टेकलेला. आपला ‘श’ देठाचा, त्यांचा गाठीचा. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमाला आणि तिची वळणे ठरवून दिली, त्यात या दोन अक्षरांचा प्रश्न निकालात काढला. हिंदी वळण वाईट आहे असे मी म्हणत नाही. हिंदीसाठी ते योग्यच आहे. पण चांगल्या देवनागरी फॉन्टच्या पोटात बहुधा दोन्ही वळणे असतात, आणि हा मजकूर मराठी आहे अशी खूण दिली की तो आपोआप मराठी वळण बाहेर काढतो. ही खूण किती मोठी? दोन अक्षरांची, ‘एमआर’. मराठी जाहिरातीत ती खूण न देणे, किंवा हिंदीची ‘एचआय’ तशीच ठेवणे, हा पैशाचा प्रश्न नाही, वेळेचाही नाही. निव्वळ बेफिकिरी आहे. २०२२ च्या सुमारास गूगलच्या फॉन्टसंग्रहात ‘टीरो देवनागरी’ आला तो तीन वेगळ्या रूपांत, हिंदी, मराठी आणि संस्कृत. परदेशातल्या अक्षरकारांना मराठीचे वेगळेपण कळले. समाच्या चौकात मराठी फलक लावणाऱ्याला कळू नये?

“चांगला फॉन्ट विकत घ्यावा लागतो, खर्च येतो,” ही सबब तर आता ऐकूनही घेऊ नका. पूर्वी ती खरी होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी घेतली की पैसे मोजावे लागत. आकृतीचे तेच. त्या काळी प्रत्येक कंपनीची अक्षरे आपापल्या गुप्त नकाशावर बसलेली, एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की किडेमकोडे. आपल्या गुजराती डीटीपीवाल्यांचा ‘टेराफॉन्ट वरुण’ त्याच जातीचा. आज मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींनी केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ फुकट आहेत. खुल्या परवान्यावर, धंद्याच्या जाहिरातीतही बिनदिक्कत वापरता येतात. आणि बडोद्यासाठी सोन्याहून पिवळे म्हणजे ‘मुक्ता’ची गुजराती बहीण ‘मुक्ता वाणी’ आहे आणि ‘बलू’चा गुजराती अवतार ‘बलू भाई’. एकाच घरातली दोन भावंडे! वर गुजराती, खाली मराठी, दोन्ही एकाच घाटात बसतील असा फलक करणे जितके आज सोपे आहे तितके सयाजीराव महाराजांच्या छापखान्यालाही नव्हते. आणि तरीही गुजराती ओळ झोकदार आणि मराठी ओळ मोडकी, असे का?

राहता राहिली वजनाची सबब. जाहिरातींची जाळी फाइलीच्या आकारावर मर्यादा घालतात हे खरे. बरीच वर्षे १५० किलोबाइट ही मर्यादा ऐकवली जाई. पण फॉन्ट दाबून लहान करण्याचा ‘वॉफ’ हा प्रकार २०१२ च्या अखेरीस जागतिक मानक झाला, त्याची अधिक आटोपशीर दुसरी आवृत्ती २०१८ साली. त्यात एका जाडीचा पूर्ण देवनागरी फॉन्ट साधारण एका लहान फोटोएवढा बसतो. उमेदवाराच्या हात जोडलेल्या फोटोला जागा आहे, त्याच्या नेत्याच्या फोटोला आहे, नेत्याच्या नेत्याच्याही फोटोला आहे. एक फोटो कमी करा, आमची सगळी अक्षरे बसतील. कापायचाच असेल फॉन्ट, तर त्यातली इंग्रजी, ग्रीक आणि नको ती चिन्हे कापा. देवनागरीच्या कप्प्याला आणि जोडण्याच्या नियमांना हात लावू नका. व्हिडिओ जाहिरात करणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की अडोबीच्या प्रोग्रामांत भारतीय लिप्यांसाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो. तो न निवडल्यामुळे वेलांट्या मागे लोंबकळतात. हे शिकायला दहा मिनिटे लागतात.

मंडळींनो, आता खरे कारण सांगतो, की मी एवढ्या तेवढ्या अक्षरांवरून इतका का तापलो आहे. आपली पिढी मराठी वाचायला घरी शिकली, शाळेत शिकली, वाचनालयात शिकली. याच शहरात १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले, याच संस्थानाने श्री सयाजी साहित्यमालेतून मराठी पुस्तके काढली, १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा अनेक भाषांचा कोश छापला, त्यात मराठीला मानाने जागा दिली. आज समातल्या आपल्या किती नातवंडांच्या हातात मराठी पुस्तक असते? शाळा इंग्रजी, दुसरी भाषा गुजराती, देवनागरी येते ती हिंदीच्या तासाला. घरात ती मराठी बोलतात, अगदी गोड बोलतात, पण वाचत नाहीत. मग मराठी अक्षर त्यांच्या डोळ्यांपुढे येते तरी कुठे? चौकातल्या फलकावर आणि मोबाईलवरच्या जाहिरातीत. बस्स. आपल्याला आवडो न आवडो, जाहिरात हीच या मुलांची मराठी बालबोधी झाली आहे. माझा सात वर्षांचा नातू परवा मला म्हणाला, “आजोबा, तुम्ही ‘ल’ चुकीचा काढता.” त्याने पाहिलेला ‘ल’ हाच खरा, आजोबांचा खोटा! त्या पोराचा काय दोष? त्याला मी रागावलो नाही. रागावलो ते ज्यांनी त्याला तो ‘ल’ मराठीच्या नावाखाली दाखवला त्यांच्यावर.

जुन्या लोकांना अक्षराची किंमत होती म्हणून आपल्याला छापील मराठी मिळाली. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांच्याकडे राणोजी आरूंनी पोलादावर एकेक अक्षर कोरले. लोकमान्यांनी केसरीचा गाडा ओढता ओढता देवनागरी खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल यावर डोके चालवले. अलीकडे र. कृ. जोशींनी विंडोजसाठी ‘मंगल’ घडवला. यांतल्या कोणीही ‘वाचता येते ना’ म्हणून सोडून दिले नाही.

“गुजरातेत राहून मराठीचा हट्ट” असेही काही जण म्हणतील, बाहेरचे आणि आपलेही. त्यांना माझे उत्तर असे की आम्ही कोणावर मराठीची सक्ती करत नाही. गुजराती जाहिरात आम्ही आनंदाने वाचतो, ती आमचीही भाषा आहे, आमचा व्यवहार तिच्यातच चालतो. कोणी मराठीत जाहिरात केली नाही म्हणून मी एक अक्षर बोलणार नाही. पण मराठी मते आणि मराठी घरातला पैसा मिळावा म्हणून जो स्वतःहून मराठीत येतो, त्याने मोडके मराठी आणू नये. पाहुणा म्हणून आलात, तर पायातली पायताणे तरी सरळ घाला!

आणि आता घरचा आहेर. शहरातल्या अनेक जाहिरात एजन्सींत आपलीच मुले बसली आहेत. त्यांना विचारले की “काका, क्लायंटला चालते” हे ठरलेले उत्तर. क्लायंटला मराठी येत नाही म्हणूनच तुम्हाला नेमले आहे ना? तुम्हीही न पाहिल्यासारखे केले तर मग पाहायचे कोणी? आपल्या शहरात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स आहे, उपयोजित कलेचे शिक्षण तिथे मिळते, समातून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर. देशभरातून मुले तिथे येतात. आणि आपल्या उत्सवांच्या डिजिटल फलकावर ‘गणेशोत्सव’ शब्दातला ‘श’ गाठीचा! फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या बडोद्यात भरले, लक्ष्मीकांत देशमुख अध्यक्ष होते, आपण सगळे मिरवलो. मिरवायला हरकत नाही. पण संमेलनाचा मांडव उतरला की अक्षराची काळजीही उतरवून ठेवायची, हे कसे चालेल?

कार्यकारिणीपुढे मी लेखी मागणी ठेवत आहे. आपल्या अंकात, स्मरणिकेत आणि गणेशोत्सवाच्या पडद्यावर जो कोणी पैसे देऊन मराठी जाहिरात करील, त्याच्या साच्यातून आधी एक वाक्य चालवून पाहावे. वाक्य असे: ‘कऱ्हाडे काकूंच्या पुऱ्या खाणाऱ्या ॲडव्होकेट काळे यांनी शाळेतल्या लहान विद्यार्थ्यांना ज्ञानेश्वरांचे चित्र व क्षीरसागरांचे पुस्तक दिले.’ हे जसेच्या तसे उमटले, ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे आले, एकही चौकोन दिसला नाही, तर जाहिरात घ्यावी. नाही उमटले तर नम्रपणे परत करावी, पक्ष कोणताही असो, देणगी कितीही असो. जे उमेदवार मंडळाकडे मराठी मतदारांची यादी मागायला येतात त्यांना हेच वाक्य चहाबरोबर हातात द्यावे.

सभासदांनी एवढेच करावे: अभिलाषा चार रस्ता, चाणक्यपुरी, अमितनगर, जिथे मोडके मराठी दिसेल तिथे फोटो काढावा, चौकाचे नाव आणि वेळ लिहावी, आणि दर रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावा. फलकाचा मजकूर मिनिटामिनिटाला बदलतो, तेव्हा वेळ लिहायला विसरू नये.